कोकणातलं जुनं कौलारू घर विकत घेताना: घर जुलैत बघा, विहीर मे महिन्यात

‘जुनं कौलारू घर, उत्तम जतन केलेलं, सागवानी खांब, समोर खळं, मागे विहीर, सहा गुंठे जागा.’ रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या अशा जाहिराती हल्ली वरचेवर दिसतात, आणि फोटो बहुतेक डिसेंबरचे असतात. डिसेंबरात कोकणातलं कुठलंही घर चांगलंच दिसतं. ज्या घरावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्याची तब्येत पावसातच कळते. म्हणून घर जुलैच्या मध्यावर बघायचं, चार दिवस सलग झड लागल्यावर. विहीर मात्र मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बघायची. दोन्ही खेपा जमत नसतील तर जुलैची सोडू नका. पाण्याचं शेजारच्या वाडीत विचारता येतं, छपराचं कोणी खरं सांगत नाही.

पण गाडी काढण्याआधी कागद मागवा. निम्मी घरं तिथेच बाद होतात आणि डिझेल वाचतं.

सातबारा आधी, खांब नंतर

देशावर घरं गावठाणात असतात. कोकणात ती वाड्या-वाड्यांतून, आपापल्या सर्व्हे नंबरात विखुरलेली असतात. त्यामुळे गावठाणातल्या घरांना ड्रोन मोजणीनंतर मिळकत पत्रिका मिळाल्या तरी वाडीतल्या घराचा मूळ कागद सातबाराच राहतो. विक्रेता हटकून सांगतो, ‘घर माझ्या नावावर आहे’, आणि पुढे करतो ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, म्हणजे नमुना 8. तो घरपट्टीचा कागद आहे. घरपट्टी कोण भरतं एवढंच तो सांगतो, खालची जमीन कोणाची हे सांगत नाही. घराची असेसमेंट धाकट्या भावाच्या नावावर आणि जमीन चार चुलत्यांच्या सामाईकात, हे कोकणात इतकं नेहमीचं आहे की तसं नसेल तरच नवल मानावं.

विक्रेत्याकडून गाव, तालुका, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर घ्या आणि डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या, म्हणजे सरकारी भूमि अभिलेखांच्या, संकेतस्थळावरून स्वतः काढा. पंधरा रुपयांत मिळतो. विक्रेत्याने दिलेली झेरॉक्स दहा वर्षांपूर्वीची असू शकते. वाचताना या गोष्टी बघा.

समजा क्षेत्र 0.06.50 आहे. पहिला आकडा हेक्टर, मधला आर, शेवटचा चौरस मीटर. म्हणजे साडेसहा आर, ढोबळ साडेसहा गुंठे. त्यात पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग किती, तेही बघा. मग नावं. एकच नाव असून पुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेलं असेल तर खूश होऊ नका. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणजे तो माणूस फक्त कारभारी. बाकीचे भाऊ आणि त्यांचे वारस त्या तीन अक्षरांमागे लपलेले आहेत. नावापुढे ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालन कर्ता) असेल तर नोंदीच्या वेळी ती व्यक्ती अज्ञान, म्हणजे अल्पवयीन होती. आज ती साठीची असेल, आणि सही तिचीच लागेल. नावांपैकी कोणी वारलं असेल आणि वारसनोंद झालेली नसेल, तर आधी वारसतपास, मग फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावात बदलाची नोंद), मग व्यवहार. त्याआधी बयाणा देऊ नये.

वारसांमध्ये मुली येतात, लग्न झालेल्याही. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित हिस्स्यात मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचं स्पष्ट केलं. ‘बहिणींनी सोडलंय’ असं सांगितलं तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवा म्हणावं. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला कागद इथे चालत नाही. ‘काकांचं काही म्हणणं नाही, ते मुंबईला असतात’ हे वाक्य कानावर आलं की काकांचा फोन नंबर घ्यायचा आणि त्यांच्याशी स्वतः बोलायचं. चाकरमानी काकांचं म्हणणं पुष्कळ असतं, ते गणपतीत समजतं.

सगळ्यांच्या सह्या होत नाहीत म्हणून ‘आमचा चौथा हिस्सा घ्या, बाकीचं नंतर बघू’ असा प्रस्ताव येतो. तो घेऊ नका. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 44 प्रमाणे अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने घेतला तरी त्याला त्या घरात इतरांबरोबर ताब्याचा हक्क मिळत नाही. पैसे देऊन तुमच्या हातात येतो तो वाटपाचा दावा, आणि तो तुमच्या मुलांना पुरतो.

आता ‘इतर हक्क’चा रकाना. लोक तो वाचतच नाहीत, आणि कोकणात खरी गंमत तिथेच असते: बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीत दुसऱ्याचा हिस्सा, वाटेची वहिवाट, आणि झाडं. हो, जमीन एकाची आणि वरची आंब्या-फणसाची झाडं दुसऱ्याची अशा नोंदी असतात. कुळकायद्याने मिळालेली जमीन असेल तर कलम 43 ची अट (परवानगीशिवाय विकता येत नाही) लागू आहे का, शेतसाऱ्याच्या चाळीसपट रक्कम भरून ती सुटली आहे का, हे बघा. ‘भोगवटादार वर्ग 2’, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन असेल, देवस्थानची जमीन असेल, खाजगी वनाचा किंवा आकारीपडचा (सारा थकल्याने सरकारजमा झालेल्या जमिनीचा) शेरा असेल, तर वकील जिल्ह्यातलाच घ्या. सावंतवाडी तालुक्यातल्या आंबोली, गेळे, चौकुळकडे ‘कबुलायतदार गावकर’ हा गावाच्या सामाईक जमिनीचा जुना प्रकार आहे. तो पुण्याच्या वकिलाला समजावण्यातच तुमची फी जाईल.

घर कितीही जुनं असो, खालची जमीन सातबाऱ्यावर बिनशेती नसेल तर ती शेतजमीनच. मग कुळकायद्याचं कलम 63 आडवं येतं: घेणारा शेतकरी नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तुमच्या किंवा वडिलांच्या नावाचा सातबारा शोधून ठेवा. तो दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी कामाला येतो. सहा गुंठ्यांसारख्या छोट्या तुकड्याला तुकडेबंदीचाही, म्हणजे ठरावीक (प्रमाणभूत) क्षेत्राहून लहान तुकडा विकण्यावरच्या बंदीचा, प्रश्न येतो. प्रमाणभूत क्षेत्राचे नियम अलीकडे वारंवार बदलले आहेत, म्हणून ज्या दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवायचा, त्याच कार्यालयात तो सर्व्हे नंबर दाखवून विचारा. परदेशात राहणाऱ्यांसाठी गोष्ट सरळ आहे: अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे लोक) शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेऊ शकत नाहीत. वारसाने आलं तर ठेवू शकतात, आणि भारतात राहणाऱ्याला विकू शकतात. विकणाऱ्यांपैकी कोणी परदेशात असेल आणि मुखत्यारपत्र पाठवणार असेल, तर ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरलं गेलं पाहिजे.

जुलैतली खेप

सोबत बॅटरी, लांब स्क्रूड्रायव्हर, ओळंबा, मोजपट्टी आणि एक गवंडी किंवा जुना सुतार घ्या. सुतार मिळाला तर उत्तम. घरात शिरल्यावर दिवे लावू देऊ नका. दुपारच्या वेळी अंधारात वर बघितलं की कौलांतून उजेडाचे ठिपके दिसतात. एखाद-दुसरा ठिपका म्हणजे सरकलेलं कौल, त्याचं काही वाटून घेऊ नये. एका रेषेत ठिपके असले तर खालची रीप (कौलं जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) खचली आहे.

मग खाली बघा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर वर्षानुवर्षं एकाच जागी थेंब पडत असला तर रुपयाच्या नाण्याएवढा खळगा पडतो, आणि त्याखाली भांडं ठेवत असतील तर भांड्याच्या बुडाची गोल खूण उमटते. डिसेंबरात नुकतंच सारवून हे झाकता येतं, जुलैत येत नाही. प्रत्येक खळग्याच्या बरोबर वर बॅटरी मारा. गळती बहुधा फुटक्या कौलाची नसतेच. वानरांनी उड्या मारून कौलं सरकवलेली असतात, किंवा दोन पाखं (छपराचे उतार) जिथे खोलगट मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ गंजून किंवा आंब्याच्या पानांनी तुंबून पाणी उलटं आत येतं. कौल आठ मिनिटांत बदलतं. पन्हळीखालचा कोनवासा (त्या कोपऱ्यातला तिरका वासा) कुजला असेल तर ते आठ दिवसांचं काम आहे, टेकू लावून.

मंगलोरी कौलांचा इतिहास 1865 पर्यंत मागे जातो, बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला तिथपर्यंत. जुन्या कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, ते वाचून ठेवा, कारण वेगवेगळ्या साच्यांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत. पाडलेल्या घराची कौलं स्वस्तात मिळाली म्हणून आणली आणि बसवली, तर पहिल्याच वाऱ्यात फटीतून पावसाची फवार आत येते. कौल बोटाच्या पेराने ठोकून बघा. खणखणीत वाजलं तर चांगलं. बद्द वाजलं तर आत तडा आहे किंवा भाजणी कच्ची आहे. शंका असेल तर दोन-तीन कोरडी कौलं वजन करून दिवसभर बुडवून ठेवा. अडीच किलोचं कौल तीन किलोच्या वर गेलं तर ते पाणी पितं, आणि त्याखालचा वासा कायम ओला राहतो.

हिशोबासाठी एक उदाहरण घ्या. घर 25 फूट × 40 फूट. चारी बाजूंनी तीन फूट वळचण धरली तर 31 × 46, म्हणजे 1426 चौरस फूट. तीस अंशांचा उतार असेल तर छपराचं खरं क्षेत्र साधारण 1650 चौरस फूट भरतं. शंभर चौरस फुटांना, फूटतूट धरून, दीडशे कौलं. म्हणजे अडीच हजार कौलं आणि सहा टनांहून जास्त कोरडं वजन. ओल्यात आणखी एक टन. हे सगळं वजन वाशांवरून आढ्याला आणि भिंतीवर येतं. ‘कौलं तर चांगली आहेत’ म्हणणाऱ्याला खालच्या लाकडाबद्दल विचारा.

लाकूड जिथे भिंतीत शिरतं किंवा वळचणीला उघडं पडतं तिथे कुजतं, मध्ये नाही. स्क्रूड्रायव्हर तिथे टोचा. साग, ऐन, फणस, किंजळ, काहीही असो, हाताच्या जोराने अर्धा सेंटिमीटरहून जास्त आत गेला तर ते टोक गेलं. भिंतीवरून वर चढणाऱ्या मातीच्या नळ्या म्हणजे वाळवी. एक नळी मोडून दुसऱ्या दिवशी बघा, पुन्हा बांधली असेल तर ती जिवंत आहे. लाकडाखाली पिठासारखा भुसा सांडलेला असेल तर भुंगा. बरीच वर्षं बंद असलेल्या घरात हे दोन्ही जास्त, आणि त्याचं कारण चुलीत आहे. रोज चुलीचा धूर माळ्यावरून कौलांतून बाहेर जात असताना लाकूड कोरडं राहायचं आणि किडा टिकत नसे. घर बंद झालं, धूर बंद झाला, दहा पावसाळ्यांत वासे गेले. म्हणून स्वयंपाकघरावरचे काळेकुट्ट, काजळी धरलेले वासे बघून नाक मुरडू नका. घरातलं सर्वांत निरोगी लाकूड बहुधा तेच असतं. माजघरावरचे, रंग दिलेले, चकचकीत वासे मात्र टोचून बघा.

‘जतन केलेलं’ म्हणजे नेमकं काय केलं?

बिघाड बऱ्याचदा दुरुस्तीनेच झालेला असतो. चार गोष्टी शोधा.

पहिली, जांभ्याच्या चिऱ्याच्या किंवा मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. या भिंती जमिनीतली ओल ओढतात आणि अंगातून सोडून देतात. सिमेंटने तोंड बंद केलं की ओल वर चढते. एरवी जोत्यापासून फूट-दीड फुटावर थांबणारी रेषा छातीपर्यंत येते, आणि तिथे पाटणाची (माळ्याच्या लाकडांची) टोकं भिंतीत असली तर तीही भिजतात. गिलावा हाताने ठोका. पोकळ वाजला तर सुटलेला आहे. तो काढून चुन्याचा करावा लागेल: किमान पंधरा दिवस भिजवलेला चुना एक भाग, धुतलेली वाळू तीन भाग. खाडीची वाळू नको, तिच्यातलं मीठ पुढची वीस वर्षं भिंतीवर पांढरं फुलत राहतं.

दुसरी गोष्ट फारच फसवी, फरशी. जुने लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभे असतात, जमिनीच्या वर, म्हणजे लाकडाला ओल लागत नाही. नव्या मालकाने चार इंच भर घालून टाइल्स बसवल्या की तळखडा गाडला जातो आणि खांबाचं बूड फरशीच्या पातळीत येतं. फरशी पुसलेलं पाणी रोज त्यात मुरतं. वरून खांब पॉलिश केलेला, देखणा. बुडाला टोचलं की स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत. असे खांब वाचवता येतात: शेजारी टेकू लावून छताचं वजन उचलायचं, खालचा फूट-दीड फूट कापून काढायचा आणि तेवढ्या उंचीचा दगडी तळखडा बसवायचा. पण एकेक करून, पावसाळा संपल्यावर, आणि किमतीत ते धरून.

तिसरी, खोटं छत. पीओपी किंवा प्लायवूडचं छत लावलं असेल तर एक तरी पट्टी काढून वर बघू द्या असं सांगा. नाही म्हणाले तर वर काय आहे ते कळलं. चौथी, कौलांखाली अंथरलेला प्लास्टिकचा कागद. गळती त्याने दिसेनाशी होते, थांबत नाही. पाणी कागदावरून ओघळून रिपांवर साठतं.

भिंतीला ओळंबा लावा. आठ फुटांत दोन इंचांहून जास्त झुकली असेल किंवा मध्ये पोट आलं असेल तर इंजिनिअर दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. भेगा जुन्या की चालू, हे काचेच्या पट्टीने कळतं. पातळ काच भेगेवर आडवी, दोन्ही बाजूंना प्लास्टरने घट्ट चिकटवून ठेवायची. दोन-तीन महिन्यांत काच तडकली तर भिंत अजून हलते आहे.

वाळवीचं औषध विकत घेतल्यावर करता येतं. भिंत आणि जमीन मिळते तिथे फूटफूट अंतरावर बारा मिलिमीटरची भोकं पाडून औषध जिरवतात. विहिरीलगतच्या भिंतीला ते करू देऊ नका. वाशांना काजूच्या टरफलाचं तेल कोकणात पूर्वीपासून लावतात, ते आजही चांगलं. हातमोजे मात्र घाला, कातडी सोलते.

मे महिन्यात: पाणी आणि वाट

दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजा. मग एक अश्वशक्तीचा पंप तासभर चालवून पातळी किती उतरली आणि ती भरून यायला किती वेळ लागला ते बघा. सकाळी उपसलेलं पाणी संध्याकाळपर्यंत परत आलं तर एका कुटुंबाला विहीर पुरते. खाडीजवळची विहीर असेल तर पाणी चाखून बघा. जानेवारीत गोड असलेलं पाणी मेमध्ये मचूळ होतं. बादलीच्या बुडाला तांबूस साका दिसला तर लोह आहे, गाळून घेता येतं.

वाट कागदावर असू द्या. रस्त्यापासून घरापर्यंतची पायवाट कोणाच्या हिश्श्यातून जाते? पूर्वीच्या मालकाला भावकी म्हणून जाऊ देत होते, तुम्ही उपरे. गडग्यात (दगडी कुंपणात) एक दिवस चार चिरे वाढले की गाडी बाहेर. विक्रेत्याच्याच उरलेल्या जमिनीतून वाट असेल तर तिची रुंदी फुटांत लिहून खरेदीखतात घाला. दुसऱ्याच्या बांधावरून असेल तर महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे मागता येते. पण वेळ जातो.

व्यवहार

भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या आणि ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा बघा. कोकणात गडगा एकीकडे आणि हद्द दुसरीकडे असणं नवीन नाही. कधी न्हाणी शेजाऱ्याच्या नंबरात निघते. मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध अहवाल, स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, मग नोंदणीकृत साठेकरार (विक्री ठरल्याचा करार), मग खरेदीखत. ग्रामपंचायत हद्दीत मुद्रांक शुल्क जिल्हा परिषदेच्या अधिभारासह 4 टक्के, आणि नोंदणी फी 1 टक्का पण जास्तीत जास्त 30,000 रुपये. शुल्क सरकारी मूल्य आणि ठरलेली किंमत यांत जे जास्त त्यावर लागतं.

खरेदीखतात चतुःसीमेबरोबर घर क्रमांक, मांगर, गोठा, विहिरीतला हिस्सा, झाडं मोजून, आणि घरातल्या वस्तू यादी करून लिहा: नक्षीचं दार, झोपाळा आणि त्याच्या पितळी कड्या, कणगी, घंगाळ. बयाणा आणि खरेदीखत यांच्यामधल्या दोन महिन्यांत नेमक्या याच वस्तू मुंबईला जातात. फोटो काढून ठेवा.

देवांचंही आधी बोला. ते मूळघर असेल तर सगळ्या भावकीचा गणपती तिथे येतो. देवघरातले देव कुठे हलवणार, कधी, आणि यापुढे गणपती कोणाकडे, हे विकणाऱ्यांनी आपसात ठरवून तुम्हाला सांगायला हवं. ते ठरलं नसेल तर सगळ्यांच्या सह्या झाल्या तरी भाद्रपदात पंधरा माणसं सामान घेऊन ओटीवर उभी राहतील, आणि त्यांना जा म्हणणं तुम्हाला जमणार नाही.

दस्तानंतर तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) फेरफाराची नोंद पडते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. ती झाली की नाही हे स्वतः सातबारा काढून बघा. असेसमेंट आणि वीज मीटर नावावर करून घेणं ही वेगळी कामं, त्यांचे अर्जही वेगळे.

पहिला पावसाळा

एप्रिलअखेरीस कौलं परतून घ्या. सगळी उतरवायची, झाडायची, रिपा बघायच्या, पुन्हा चढवायची. मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर माणूस मिळत नाही, प्रत्येक घराचं तेच काम असतं. छपरावर आलेली आंब्याची फांदी याच वेळी छाटा. झाड मुळापासून तोडायचं असेल तर परवानगी लागते. पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतींना झावळ्यांच्या झड्या बांधा. पडवीत त्याच साच्याची शंभर कौलं आणि दहा-बारा कोने (आढ्यावरची कौलं) रचून ठेवा, आणि घर बंद ठेवणार असाल तर आठवड्यातून एकदा चूल पेटवून धूर करायला शेजारी कोणाला तरी सांगा, पैसे ठरवून.